तान्ह्या बाळातील रक्तस्राव आणि 'के' जीवनसत्त्व

जन्मानंतर काही वेळातच बाळाच्या मांडीत एक छोटेसे इंजेक्शन दिले जाते. ते 'के' जीवनसत्त्वाचे असते. ते कशासाठी, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

रक्त गोठण्यासाठी आवश्यक असलेले काही घटक यकृतात तयार होतात. ते कार्यक्षम होण्यास 'के' जीवनसत्त्व लागते. त्याच्या शोधाबद्दल डेन्मार्कचे हेन्रिक डॅम यांना १९४३चे नोबेल पारितोषिक अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझी यांच्यासमवेत मिळाले.

गर्भावस्थेत हे जीवनसत्त्व वारेतून बाळाकडे फारच थोडे पोहोचते. आतड्यात ते तयार करणारे जीवाणू जन्मतः नसतात आणि आईच्या दुधातही त्याचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे सुदृढ बाळातही त्याची कमतरता असू शकते. म्हणून स्तनपान थांबवणे मात्र सर्वथा चुकीचे ठरेल. आईने पालेभाज्या खाल्ल्याने ही उणीव पुरेशी भरून निघत नाही.

या रक्तस्रावाचे तीन प्रकार आहेत. पहिल्या २४ तासांतील रक्तस्राव बहुधा आईने गरोदरपणी घेतलेल्या अपस्मार, क्षयरोग इत्यादींवरील औषधांमुळे होतो. दुसरा पहिल्या आठवड्यात बेंबी, नाक किंवा आतड्यांतून होतो. तिसरा दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही उद्भवतो. तो सर्वांत घातक होय. कारण त्यात अनेकदा थेट मेंदूत रक्तस्राव होतो. त्यातून वाचलेल्या बाळांनाही कायमचे अपंगत्व येऊ शकते.

काही वेळा आधी सूचना मिळते. बेंबीतून किंवा नाकातून थोडे रक्त येणे, अंगावर निळसर डाग उमटणे, कान टोचल्यावर रक्त न थांबणे, काळी शी होणे, या गोष्टी किरकोळ समजू नयेत. बाळ सुस्त होणे, दूध न पिणे, झटके येणे किंवा टाळू फुगणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली किंवा शी पांढुरकी झाली, तर यकृताची तपासणी आवश्यक ठरते. अशा बाळांना हा धोका अधिक असतो.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक किलो वा अधिक वजनाच्या बाळास एक मिलिग्रॅम, तर त्याहून कमी वजनाच्या बाळास अर्धा मिलिग्रॅम मात्रा स्नायूत दिली जाते. तोंडावाटे औषध देता येते. परंतु त्याचे अनेक डोस लागतात आणि संरक्षणही तितके खात्रीचे नसते. १९९०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील एका अभ्यासामुळे या इंजेक्शनाचा कर्करोगाशी संबंध असावा, अशी शंका निर्माण झाली होती. पुढील मोठ्या अभ्यासांत तिला आधार मिळाला नाही.

रुग्णालयातून घरी जाताना बाळाच्या कार्डावर या इंजेक्शनाची नोंद आहे का, हे पालकांनी अवश्य पाहावे. प्रसूती घरी झाली असल्यास बाळाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.