खाऱ्या पाण्यासाठी टिकाऊ रीळ
गोंदियासारख्या तलावांच्या जिल्ह्यात गोड्या पाण्यावर वर्षानुवर्षे चालणारे गळाचे रीळ कोकण किनाऱ्यावर काही दिवसांतच अडखळू शकते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शिवाय लाटांबरोबर वाळूही आत शिरते. त्यामुळे स्पिनिंग रीळ निवडताना बेअरिंगच्या संख्येला भुलू नये. दातेरी चाके व ड्रॅग यांना रबरी सील आहे का, दोरी जिच्यावरून वळते ती फिरकी गंजरोधक आहे का, हे आधी पाहावे. लांब फेकीसाठी ५००० ते ८००० मापाचे रीळ सोयीचे ठरते. वापरानंतर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावे, जोराची धार टाळावी. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा. ही निगा राखली नाही, तर महागडे रीळही गंजते.