हाइन्केल-२८० : इंजिनाअभावी मागे पडलेले पहिले जेट लढाऊ विमान

लढाऊ विमान म्हणूनच आखले गेलेले आणि जेट इंजिनांवर उडालेले जगातील पहिले विमान म्हणजे जर्मनीचे हाइन्केल-२८०. ते सैन्यात कधीच दाखल झाले नाही. तथापि वैमानिकांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात त्याचे स्थान कायम आहे.

रोस्टॉक येथील विमान-उद्योजक अर्न्स्ट हाइन्केल यांनी १९३६ मध्ये हान्स फॉन ओहाइन या तरुण पदार्थवैज्ञानिकाला आपल्या कारखान्यात आणले. ओहाइन यांच्या इंजिनावर हाइन्केल-१७८ हे जगातील पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. याच अनुभवातून दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाची योजना पुढे आली. रॉबर्ट लुसर यांच्या देखरेखीखाली त्याचा आराखडा पूर्ण झाला. प्रत्येक पंखाखाली एक इंजिन, जोडशेपटी आणि नाकाखाली पुढचे चाक अशी त्याची रचना होती.

विमानाचा सांगाडा तयार झाला, पण इंजिने तयार नव्हती. म्हणून सप्टेंबर १९४० मध्ये ते दुसऱ्या विमानाने ओढून वर नेण्यात आले आणि इंजिनाविना तरंगत उतरवून तपासण्यात आले. अखेर ३० मार्च १९४१ रोजी फ्रिट्झ शेफर यांनी ते जेट शक्तीवर उडवले. गळणारे इंधन साचून आग लागू नये म्हणून त्या वेळी इंजिनांवरील आवरणे काढून ठेवली होती.

खरी अडचण इंजिनाचीच राहिली. त्यापासून सुमारे ७०० किलोग्रॅम रेट्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो बराच काळ ५०० किलोग्रॅमच्या आसपासच मिळत होता. नंतर युंकर्स कंपनीचे अधिक शक्तिशाली इंजिन बसवून मार्च १९४३ मध्ये चाचणी झाली. परंतु ते आकाराने मोठे व जड होते आणि हाइन्केलचा सांगाडा हलक्या इंजिनांसाठी आखलेला होता. स्पर्धक मेसरश्मिट-२६२ मध्ये मात्र हेच इंजिन योग्य बसले. शिवाय त्याचा पल्लाही अधिक होता. २७ मार्च १९४३ रोजी हाइन्केल-२८० ची योजना रद्द झाली. त्याची केवळ नऊ प्रायोगिक विमाने बनली.

या विमानात संपीडित हवेच्या दाबाने वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणारी यंत्रणा होती. १३ जानेवारी १९४२ रोजी एका चाचणीत बर्फ साचल्याने विमान निकामी झाले, तेव्हा वैमानिक हेल्मुट शेंक यांनी तिचा वापर केला व ते सुखरूप उतरले. प्रत्यक्ष संकटात अशा आसनाने प्राण वाचल्याची ही पहिली घटना होय. पुढे संपीडित हवेची जागा स्फोटक काडतुसांनी व रॉकेटांनी घेतली. आजच्या लढाऊ विमानांतील प्रक्षेपी आसन हे त्याच कल्पनेचे प्रगत रूप आहे.