उसनी सुरक्षाविद्या : प्रस्तावना

दहशतवादाशी लढण्याची रीत एक देश दुसऱ्याकडून कशी शिकतो, हा या पुस्तकाचा विषय. कमांडो, बंदुका आणि गुप्त मोहिमा इथे भेटतीलच. पण त्याहून अधिक वेळ राज्यघटनेची कलमे, विमानतळांची अंतरे आणि चौकशी समित्यांचे रूक्ष अहवाल वाचण्यात जाईल. माझ्या मते खरा रस तिथेच आहे.

सुरुवात म्युनिकपासून करावी. सप्टेंबर १९७२ मध्ये ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेच्या आठ हल्लेखोरांनी ऑलिम्पिक ग्रामात शिरून इस्रायली चमूला ओलीस धरले. पश्चिम जर्मनीत पोलीस हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रकरण बव्हेरियाच्या पोलिसांकडे गेले. विमानतळावरच्या अखेरच्या चकमकीत त्यांचे नेमबाज होते पाच, आणि त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायला वायरलेससुद्धा नव्हता. या प्रकरणात एकूण अकरा इस्रायली आणि एक जर्मन पोलीस मारले गेले. त्याआधी दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती. छपरांवरून सरकणारे पोलीस दूरचित्रवाणी थेट दाखवत होती, आणि हल्लेखोरांच्या ताब्यातील खोल्यांत दूरचित्रवाणी संच होते. ती कारवाई सोडून द्यावी लागली. हा तपशील वाचकाने ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी उलरिख वेगेनर यांच्या हाताखाली ‘जीएसजी ९’ हे पथक उभे राहिले. वेगेनर इस्रायल आणि ब्रिटनकडून शिकले, पण घडण जर्मनच ठेवली. देशांतर्गत लष्कर वापरण्यावर तिथल्या घटनेचे कडक निर्बंध आहेत, म्हणून पथक केंद्राच्या सीमा पोलीस दलात बसवले. तळ बॉनजवळ सांक्ट ऑगस्टीनला आणि दिमतीला हेलिकॉप्टर. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मोगादिशूला याच पथकाने लुफ्तान्साच्या अपहृत विमानातून ८६ ओलिसांना सोडवले. वैमानिकाला मात्र अपहरणकर्त्यांनी आधीच एडनला ठार केले होते. या यशानंतर जगभरची गृहखाती या पथकाकडे आदर्श म्हणून पाहू लागली.

आपणही पाहिले. सुवर्णमंदिरातील ऑपरेशन ब्लू स्टारनंतर, १९८४ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा दल म्हणजे एनएसजी उभारताना जीएसजी ९ आणि ब्रिटिश एसएएस हे नमुने समोर होते. जवान बव्हंशी लष्करातून घेतले, दल ठेवले गृह मंत्रालयाखाली. नमुन्यातला हा बदल विचारपूर्वक केलेला होता आणि १९८८ मध्ये सुवर्णमंदिरातल्याच ‘ब्लॅक थंडर’ मोहिमेत तो उपयोगी पडला. पण पथकाचा नमुना उचलताना भूगोल मागे राहिला. एनएसजीचा तळ असलेले मानेसर ते मुंबई हे अंतर, रात्री हाताशी विमान आहे की नाही, अशा बाबींत नमुना मदत करत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला सुरू झाला आणि एनएसजी मुंबईत पोहोचले ते दुसऱ्या दिवशी पहाटे. मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथली केंद्रे त्यानंतरची.

यापेक्षा मला जास्त सलते ती दूरचित्रवाणीची गोष्ट. ताज हॉटेल आणि नरीमन हाउस या हल्ल्याच्या ठिकाणांवरच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दिसत होत्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून फोनवरून सूचना देत होते. म्युनिकचा हा धडा ३६ वर्षे फुकट उपलब्ध होता. त्याला ना बंदूक लागत होती, ना परदेशी प्रशिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबच्या खटल्यातील २०१२ च्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कठोर शब्दांत टीका केली, आणि अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावरील बंदी केबल टीव्हीच्या नियमांत आली ती २०१५ मध्ये. उसनवारीत पथक, गणवेश, डावपेच लगेच उचलले जातात. दुसऱ्याच्या फजितीचा कागद कोणी मागत नाही.

नाव उसने घेऊन काम मात्र बदलल्याचे उदाहरण म्हणून राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कथा थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या केंद्राकडे अटकेचे अधिकार नाहीत. माहिती जुळवणे हे त्याचे काम. आपण २०१२ मध्ये नाव तेच घेतले, पण केंद्र इंटेलिजन्स ब्युरोत ठेवून त्याला अटकेचे अधिकार देऊ केले. मुख्यमंत्री बिथरले, योजना बारगळली. राज्यांच्या अधिकारांवर गदा येते हा त्यांचा आक्षेप निव्वळ राजकारण म्हणून झटकता येत नाही.

उसनवारीचा ओघ उलट दिशेनेही वाहतो. मुंबईच्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क पोलिसांनी आपले अधिकारी इथे पाठवले, आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांचे आयुक्त रेमंड केली यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर मुंबईचे धडे मांडले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कामा रुग्णालय, गिरगाव चौपाटी ही नावे आता परदेशी प्रशिक्षणवर्गांत अभ्यासली जातात. त्या रात्री लाठी घेऊन उभे असलेले शिपाई, कामा रुग्णालयाच्या परिचारिका, रेल्वेचे उद्घोषक जे सांगतात ते मराठी वाचकाला दुभाष्यावाचून ऐकता येते. या विषयात इतके मोलाचे साधन हाताशी असलेले अभ्यासक फार नाहीत, आणि त्यावरचे बरेचसे काम अजून व्हायचे आहे.