वीराच्या पोटी वैर

सूर्यमाळच्या परिसरात, मोखाडा-जव्हार भागात, होळीच्या सुमारास बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव रंगतो. संबळ घुमतो, मुखवटे नाचत पुढे सरकतात, जगदंबा महिषासुराला भिडते. वीर कोण, वैरी कोण, पोरासोरांनाही कळतं.

पण ‘वीर’ आणि ‘वैर’ हे दोन शब्द एकाच घरातले. संस्कृत ‘वीर’ म्हणजे पुरुष, शूर गडी. त्याच्या आद्य स्वराची वृद्धी होऊन ‘वैर’ झालं. लॅटिन ‘विर’ याच कुळातला.

वैराला चक्क दर होता. प्राचीन आपस्तंब धर्मसूत्रानुसार क्षत्रियाला मारलं तर वैर फेडायला १,००० गाई, वैश्यासाठी १००, शूद्रासाठी १०. गाईंच्या हिशेबातही जात होतीच.

ग्रीकांकडे या भरपाईला ‘पोइने’ म्हणत. ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या ९व्या सर्गात योद्धा अयास युद्धातून रुसून बसलेल्या अकिलीसला समजावतो: भावाचा, मुलाचा खून झाला तरी लोक पोइने घेऊन शांत होतात. अकिलीस बधत नाही. पुढे त्याचा जिवलग पात्रोक्लोस ट्रोजन वीर हेक्टरच्या हातून पडतो. दुःखाने पिसाळलेला अकिलीस १२ ट्रोजन तरुणांना नदीतून जिवंत ओढून काढतो आणि हात बांधून नेतो, पात्रोक्लोसची पोइने म्हणून! मग हेक्टरला मारून त्याचं प्रेत रथामागे फरफटवतो.

‘पोइने’ची लॅटिनमध्ये ‘पोएना’ झाली, तिथून इंग्रजीमार्गे ‘पेनल्टी’. वीजबिल थकलं की आपण भरतो, तीच.