पडदे रंगवणाऱ्यांनी कॅमेरा केला, आणि आपण कोर्स बदलतोय

बारावीचा निकाल लागला की एखादे पालक हमखास गाठतात. "पोरगी चित्रं चांगली काढतीया, डिजिटल आर्टला घालावं का? नोकरी लागंल न्हवं?" कॉलेजांतही आता हीच भाषा आहे : बाजाराला लागतो तसा अभ्यासक्रम करूया. मागणी रास्त आहे. फी भरणाऱ्यानं हिशेब विचारायचाच.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. छापखाने, जाहिराती वाढल्या तसा तिथं १९३५ च्या सुमारास कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, १९६१ ला त्याची स्वतंत्र संस्था झाली. धंद्याकडं बघून कोर्स बदलण्यात पाप काही नाही.

आपल्या कोल्हापुरात मात्र आधी काम आलं. बाबूराव मिस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ ला गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही, १९१८ ला कॅमेरा घरीच तयार केला. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० ला 'सैरंध्री' आला. पडदा रंगवणारा हात सेट उभारू लागला, पोस्टर रंगवू लागला. दामले, फत्तेलाल, शांताराम याच कारखान्यात तयार झाले. सर्टिफिकेट कुणालाच नाही!

१९२९ ला त्यांनी 'प्रभात' काढली. लगेच बोलपट आला. मूकपटात वाढलेल्या दामल्यांनी ध्वनिमुद्रण हातात घेतलं, आणि १९३२ ला 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. हे त्यांना कुठल्या कोर्सनं शिकवलं होतं? 'प्रभात' १९३३ ला पुण्याला गेली. पुढं १९६० ला त्याच स्टुडिओत सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. कारखाना आधी, शाळा नंतर.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा फोटो रोलच्या कॅमेऱ्यावर शिकवले. थोड्याच वर्षांत रोल गेला. बातमी कशात असते हे शिकवलेलं अजून चालतंय.

म्हणून कोर्सच्या जाहिरातीत नुसती सॉफ्टवेअरची नावं दिसली की धास्ती वाटते. ब्रशनं पाट्या रंगवणाऱ्यांचं काम फ्लेक्सनं नेलं. आता फ्लेक्सवाल्याचं नुसतं कोरलड्रॉवरचं काम मोबाईलमधलं ॲप करतंय. आज शिकवलेलं सॉफ्टवेअर पोरगी पदवी घेईपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार? रेखाटन, रंग आणि देवनागरी अक्षराचं वळण हे मात्र पक्कं बसायला हवं. शेवटचं वर्ष तर छापखान्यात, स्टुडिओत, खऱ्या गिऱ्हाईकापुढं जावं. चार वेळा डिझाईन परत आलं की कळतं काम काय असतं ते.

गिऱ्हाईक लांब शोधायला नको. आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, काजूचे कारखाने आहेत. तांदळाची पिशवी, काजूचा डबा, त्यावरचं अक्षर, विक्रीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, एवढं जरी पहिल्या वर्षाला दिलं तरी कोर्स कागदावरून खाली उतरेल. अभ्यासक्रम ठरवायच्या बैठकीला प्राध्यापकांच्या शेजारी एक छापखानेवाला आणि एक काजूवाला बसवा. चहा मी सांगतो.