एका मुलाला एकच रकाना

इंग्रजांनी 1872 साली शिरगणती सुरू केली तेव्हा माणसांच्या जातीधर्मासोबत त्यांच्या व्यंगांचीही नोंद घ्यायचं ठरवलं. रकाने ठरलेले होते: वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी. 1931 पर्यंत ही पद्धत चालली. जुन्नरच्या पेठेत काय किंवा भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीत काय, एखादं पोर बोलत नसेल, रात्र रात्र जागत असेल, मधूनच भिऊन किंचाळत असेल, तर त्याला कुठे बसवायचं? आईला त्याचं सगळं ठाऊक होतं. पण सरकारी कागदाला एवढं सगळं नको होतं.

कायद्याने तर सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं. 1912 च्या ‘इंडियन लूनसी ॲक्ट’मध्ये ‘लूनॅटिक’ची जी व्याख्या होती, तीत जन्मतः बुद्धीने कमी असलेला आणि पुढे मन बिघडलेला असे दोघेही येत. तीनच वर्षांनी येरवड्याचं मनोरुग्णालय सुरू झालं आणि कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण तिथे हलवले गेले. पुढे ते आशियातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणलं जाऊ लागलं. जुन्नरहून येरवडा नव्वदेक किलोमीटर. एवढ्या लांब, तेही ‘येरवड्याला’, पोटच्या पोराला कोण नेणार? त्या नावाची दहशत अंतरापेक्षा मोठी असावी.

मग उरायचा देव. नवस, अंगारा, देवऋषी हा या भागातल्या कुठल्याही आजीला पाठ असलेला रस्ता. त्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण व्हीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव देवस्थानाचा अभ्यास करून 1987 साली जो लेख छापला, तो वाचल्यावर तेवढ्यावर थांबता येत नाही. आजारी माणसाला घेऊन येणाऱ्या आया आणि बायका तिथे स्वतःच अंगात येऊन घुमत. घरच्या माणसाची पीडा आपल्यावर यावी, अशी त्यांची मागणी असे. पालकत्वाचा भार कोण वाहत होतं, हे इतकं उघड क्वचितच कुठल्या शास्त्रीय लेखात दिसतं. बाप अशा वेळी कुठे असत, हा प्रश्न लेख मिटल्यावरही डोक्यात राहतो.

या वाटेवर लुबाडणूकही होतीच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की, मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं हा गुन्हा आहे. असा प्रकार घडतच नसता तर तो कायद्यात लिहावा लागला नसता.

शाळा निघाल्या त्या शहरात. मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीने 1941 मध्ये मंदबुद्धी मुलांसाठी गृह काढलं. 1944 मध्ये मुंबईच्या वकील आडनावाच्या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात ‘कामायनी’ आली. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्पाखालच्या आश्रमशाळेत मात्र महादेव कोळी घरातलं पोर आईबापांपासून दूर राहून शिकतं, त्यामुळे त्याचं रात्रीचं दचकणं आईआधी अधीक्षकांना दिसतं.

नंतर कायद्याने पोतं सोडवलं, आणि खरी गंमत तिथून पुढे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व व्याख्येबाहेर काढलं; 2017 च्या कायद्यानेही तेच केलं. तत्त्व म्हणून ते बरोबरच होतं, बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हेच. पण ज्या मुलात दोन्ही आहे, त्याच्या आईला दोन कायदे आणि दोन खिडक्या मिळाल्या. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता धरून एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो; नुसता मानसिक आजार असेल तर त्या विम्याचं दार बंद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी सातावरून एकवीसवर नेली, पण अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं, नाव तिच्यात नाही.

डॉक्टरी शास्त्रही फार पुढे नव्हतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 1994 च्या नियमपुस्तिकेप्रमाणे स्वमग्न मुलाला एडीएचडीचं निदान देताच येत नसे. ती मुभा 2013 च्या आवृत्तीत मिळाली. आपल्या 2001 च्या जनगणनेतही एका माणसाचं एकच अपंगत्व लिहायचं होतं, कोणतं ते घरच्यांनी निवडायचं. 2011 मध्ये तीनपर्यंत लिहिता आली. मुलं मात्र आधीपासूनच तशी होती. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, विकासात्मक अडचण असलेल्या मुलांपैकी सुमारे एकपंचमांश मुलांना एकाहून जास्त अडचणी आढळल्या.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जायचं, अशी रीत पडली. विकासातला विलंब त्यांच्या यादीत आहे. खोलातली तपासणी आणि उपचार मात्र जिल्ह्याच्या केंद्रात. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ असलं तरी मूल घेऊन पुणे-नाशिक रस्त्याची एसटी पकडावी लागते ती पुण्याकडची. एक दिवसाची मजुरी बुडते, आणि गर्दीच्या गाडीत ज्याला आवाज सोसत नाही अशा पोराला मांडीवर घेऊन बसायचं. तिथे पोचल्यावर ते पोर नेमकं त्या दिवशी शांत असलं, की डॉक्टरांना घरच्या रात्री तोंडी सांगाव्या लागतात. ते काम अजूनही बहुतेक आईच करते.