करड्याचा बहिष्कार आणि आपलं संक्रांतीचं वाण

भोगी तोंडावर आली. कुणी तीळ निवडायला घेतले असतील, कुणी कुंभाराकडे सुगडं सांगून आलं असेल. आणि गटागटांत एकच विषय चालू असेल, यंदा वाण काय लुटायचं?

गेल्या वर्षी आमच्या गटानं प्लास्टिकचे डबे लुटले. तालुक्याच्या एका होलसेल दुकानातून साठ डबे आणले, सोबत तिळाच्या लाडवांची पाकिटं. निम्म्या डब्यांची झाकणंच बसेनात. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, वाणाचा माल परत घेत नाही. असू दे, होतं असं. पण ज्या दिवशी आम्ही टेम्पोत डबे भरत होतो, त्याच दिवशी आमच्याच गटातली एक ताई आठवडे बाजारात घरचे तीळ घेऊन बसली होती. संध्याकाळी अर्धी पिशवी तशीच घरी घेऊन आली. हे तिनं हळदीकुंकवाच्या दिवशी सांगितलं, हसत हसत, हातात आमचाच डबा धरून. मला मात्र हसू आलं नाही.

तेव्हापासून आमच्या तालुक्याची एक जुनी हकीकत डोक्यात घोळते आहे. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात ती एका परिच्छेदात उरकलेली असते, 'दख्खनचे दंगे' या नावानं. दंगा म्हटलं की जाळपोळ तेवढी डोळ्यांपुढे येते. पण ही गोष्ट जाळपोळीपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते एका हिवाळ्यात, 'दुकानातून काय घ्यायचं आणि कुणाकडून घ्यायचं नाही' या प्रश्नापासून. साल १८७४, महिना डिसेंबर, गाव शिरूर तालुक्यातलं करडे.

त्या काळचं दुकान म्हणजे काय, हे आधी सांगते. गावातला सावकार हाच वाणी आणि वाणी हाच सावकार. मीठ, तेल, कापड, बियाणं, पावसाळ्यात खायला धान्य, सगळं त्याच्याकडून, आणि बहुतेक उधारीवर. सुगी झाली की शेतातला माल त्याच्याच वखारीत जायचा. म्हणजे आपण विकायला जायचं तेही त्याच्याकडे आणि विकत घ्यायला जायचं तेही त्याच्याकडे. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका शेतकऱ्यानं तेव्हा कलेक्टरकडे अर्ज केला होता. त्यानं लिहिलंय की रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला जो भाव, त्यापेक्षा शेकडा २५ ते ५० जास्त आम्हाला लावतात. शेतातला माल नेताना 'तुझ्या खात्यावर जमा करतो' म्हणतात, पण खात्यावर त्याची नोंदच नसते, आणि पावतीही देत नाहीत. हे वाचलं आणि मला वाटलं, हा अर्ज नवऱ्यानं लिहिला असेल, पण आतला हिशेब बायकोचा आहे. मीठ महाग पडलं हे कुणाला आधी कळतं?

उधारी इतकी वाढली कशी, त्याचीही एक गंमत आहे. गंमत म्हणायची, पण रडू येईल अशी. १८६१ साली अमेरिकेत आपसातलं युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. दख्खनच्या गावांत पैसा वाहायला लागला. कापूस लावा, एकराला १०० रुपये आगाऊ घ्या, असं सावकार स्वतःहून सांगायला लागले. १८६५ साली युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाला, आपल्या कापसाचा भाव पडला आणि सावकारानं हात आखडता घेतला. सरकारनं मात्र त्याच सुमाराला शेतसारा वाढवला, आणि तोही रोखीत. कर्ज मिळणं बंद, सारा जास्त. ज्यांनी आधी घेतलं होतं ते अडकले.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचा कागद तीन वर्षंच चालेल, असा नियम केला. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटंच. तीन वर्षं झाली की सावकार नवा कागद करून घ्यायचा. जुनी मुद्दल आणि व्याज मिळून नवी मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. वाचता येत नाही, अंगठा द्यायचा. शेवटी काही जणांनी कर्जापोटी आपली बैलगाडी सावकाराला विकली आणि तीच गाडी, तेच बैल, भाड्यानं घेऊन स्वतःच्या शेतात राबले. आपल्यातल्या ज्या बाया एका हप्त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढतात, त्यांना हे समजवून सांगायला नको.

आता करडे. तिथले बाबासाहेब देशमुख यांच्यावर कालूराम नावाच्या सावकाराचं कर्ज होतं, रक्कम १५० रुपये. कालूरामनं कोर्टातून हुकूमनामा आणला आणि घर पाडायला निघाला. गावानं समजावलं, तो ऐकेना. तेव्हा गावानं ठरवलं, यापुढे या सावकारांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. त्यांची शेतं करायची नाहीत. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी त्यांचं काम करायचं नाही. घरकामालाही कुणी जायचं नाही. काही सावकार कंटाळून तालुक्याच्या गावी निघाले, तर त्यांची गाडी हाकायलाही कुणी मिळेना. आणि जो गावकरी हे मोडेल, त्याच्यावरही बहिष्कार. बघता बघता हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांतल्या गावांत पोचलं. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या लोकांनी तर तसं लिहूनच काढलं, जो सावकाराची जमीन कसेल किंवा त्याची चाकरी करेल, त्याला गावचा बलुतेदार मिळणार नाही.

हे डिसेंबरातच का जमलं, यावर मी बराच विचार केला. माझं मत सांगते. आपल्या भागात त्या दिवसांत बाजरी घरात आलेली असते. हुलगा, मटकी कणगीत असते. शाळू रानात उभा असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, बांधावर बोरं पिकलेली असतात. पावसाळ्यात कुणी सांगितलं असतं की दुकानात जाऊ नका, तर चूल पेटली नसती. हिवाळ्यात घर आपल्या बळावर दोन-तीन महिने उभं राहतं. आपली भोगीची भाजी बघा ना. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सुगडात घालतो ते उसाचं पेर, बोर, गव्हाची ओंबी. त्यातलं काहीही दुकानातून आणावं लागत नाही. त्या आठवड्यात रानात जे आहे, त्याचीच ती यादी आहे.

आणि बहिष्कार चावडीवर पुरुषांनी ठरवला असेल, पण उधारीचं तेल बंद झाल्यावर कालवणाला काय घालायचं, हे कुणी निस्तरलं असेल ते आपल्याला ठाऊक आहे.

आता पुढचं. नुसता बहिष्कार पुरा पडला नाही, हेही खरं आहे. मीठ रानात पिकत नाही. सारा रोखीत भरायचा, आणि रोकड सावकाराकडे. शिवाय कागद त्याच्याच पेटीत. दुकानात न गेल्यानं अंगठा दिलेला कागद रद्द होत नव्हता. म्हणून १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, जे आज बारामती तालुक्यात आहे, ती ठिणगी पडली. वार बुधवार, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बाजाराला म्हणून जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. ते हातात आले की जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरंही पेटवली. ते मी चांगलं म्हणणार नाही, त्या घरांतही बायका-पोरं होती. पण बहुतेक ठिकाणी लोकांचा डोळा कागदावर होता, माणसावर नव्हता. पुढच्या दोन महिन्यांत तीसहून जास्त गावांत हे घडलं. ९५१ माणसं पकडली गेली. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं शेतकऱ्यांची बाजू मांडली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि कर्ज फिटलं नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

त्यानंतरच्या बाजाराच्या इतिहासाकडे मी एकाच नजरेनं बघते, माप कुणाच्या हातात आणि भाव कोण बोलणार. माझ्या सासूबाई अजून जुन्या मापानं बोलतात. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. घेताना माप शिगेला आणि देताना काठाला, ही तक्रार तर पायलीइतकीच जुनी. १९५६ च्या कायद्यानं किलो आला. सासूबाईंना तो कधी आवडला नाही, पण तागडीवर शिक्का मारलेलं वजन आलं, हे काही थोडं नव्हतं. बाजार समित्यांचं म्हणाल तर विदर्भात कारंज्याला १८८६ सालीच कापसाचा नियमित बाजार सुरू झाला होता. आपल्या राज्याचा बाजार समितीचा कायदा १९६३ चा. त्यानं उघडा लिलाव आणला, आणि अडत-हमालीची नवी डोकेदुखीही आणली. २०१६ साली फळं आणि भाजीपाला त्या नियमनातून मोकळा झाला, शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरायला लागले, मुंबईत विधान भवनाच्या आवारातसुद्धा भरला. आता टोपलीवाली बाई पुण्याच्या सोसायटीबाहेर बसून स्वतःचा भाव स्वतः सांगू शकते.

आणि डिसेंबर आला की पुण्यात भीमथडी जत्रा भरते. नाव ऐकलंत ना? भीमथडी, म्हणजे भीमेच्या काठचा मुलूख. ज्या तालुक्यातल्या बाजारात वह्या जळाल्या, त्याच्या नावाच्या जत्रेत आज बचत गटाच्या बाया हुलग्याचं पीठ, सांडगे, काळा मसाला विकतात. मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. शहरातल्या बायका रांग लावून आपली बाजरीची भाकरी आणि खर्डा खातात, वर पिशव्या भरून नेतात. मी स्वतः एका वर्षी तिथे स्टॉलवर उभी होते. एका बाईनं मला विचारलं, तुमच्या गावात हे सगळं रोजच मिळत असेल, नाही? मी हो म्हणाले. आणि गावी येऊन आम्ही ते डबे आणले.

म्हणजे शहर आपल्याकडून घेतं, आणि आपण एकमेकींकडून घेत नाही. आज आपल्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. कागद नाही, अंगठा नाही. तरी हळदीकुंकवाचा सगळा पैसा गावातून उठतो आणि एका दिवसात बाहेर जातो. एका गटाचं सोडा, एका गावात हळदीकुंकवं किती होतात ते मोजा, आणि रथसप्तमीपर्यंत ती चालतात.

यंदा आमच्या बैठकीत मी हा विषय काढला. भांडण झालं, लपवत नाही. ठरलं ते असं: वाण म्हणून प्रत्येकीला पावशेर गावरान तीळ आणि गुऱ्हाळावरच्या ढेपेतला पावशेर गूळ, जुन्या सुती साडीच्या पुरचुंडीत. पुरचुंड्या गटातल्याच शिलाईवाल्या ताई शिवणार. दोघीजणी अजून राजी नाहीत. त्या म्हणतात, डबा वर्षभर डोळ्यांपुढे राहतो, तीळ खाऊन संपतात. त्यात तथ्य आहे. तिसरी म्हणाली, पाकिटातला लाडू स्वस्त पडतो. तेही खरं. आम्ही माणशी खर्चाचा हिशेब फळ्यावर मांडला. डब्यापेक्षा थोडा जास्त आला, म्हणून गूळ पावशेराचा अर्धपाव केला.

तीळ त्याच ताईकडून घ्यायचे आहेत. तिला विचारायला गेलो तर म्हणाली, उधार देणार नाही, रोख द्या, तागडी तुम्ही धरा आणि पावती मी लिहून देते. भाव तिनंच सांगितला. आम्ही किलोमागं दहा रुपये कमी करायला लावले. तिनं चारच केले.